जिभेखालून गेलेला माल

त्या दुकानाचं नाव थोरल्यांच्या जिभेवर चालत होतं. दुकान काष्ठौषधींचं. झाडांची मुळं, साली, बिया, वाळलेली फुलं, काही पोत्यांत, काही डब्यांत, आणि सगळ्यांचा मिळून एक वास, जो कपड्यांतून धुतला तरी जात नसे. दोन भाऊ ते चालवायचे. गल्ली त्यांना थोरले आणि धाकटे एवढंच म्हणायची, आणि दोघांचीही साठी उलटली तरी त्यात बदल करायची गरज कुणाला वाटली नव्हती. धाकटे गिऱ्हाईक बघायचे. थोरले माल बघायचे, म्हणजे चाखायचे.

पोतं आलं की थोरले त्यात कोपरापर्यंत हात घालायचे, वरचं, मधलं, तळचं अशी मुळं उचलायचे, पुढच्या दातांनी जरासा तुकडा तोडून जिभेच्या टोकावर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ दुकानात कुणी ब्र काढत नसे. मग ते थुंकायचे, चूळ भरायचे, आणि म्हणायचे, "घ्या आत," नाहीतर, "न्या परत." त्यावर अपील नव्हतं. गिऱ्हाईकाने मालाविषयी काही शंका काढली की धाकट्यांचं एकच उत्तर असायचं. "माल दादांच्या जिभेखालून गेलाय." एवढं ऐकल्यावर मोठमोठे वैद्यसुद्धा पुडी उघडून बघायचे नाहीत.

ही विद्या वडिलांची. त्यांनी ती थोरल्यांनाच दिली. धाकट्यांना म्हणाले होते, "तुझी जीभ बोलण्यासाठी आहे, त्याची चाखण्यासाठी." आणि थोरल्यांना एक नियम घालून दिला होता. माल चाखायच्या दिवशी तोंडात पाण्याशिवाय काही जाता कामा नये. चहा नाही, सुपारी नाही, साधी लवंगसुद्धा नाही. थोरल्यांनी तो नियम आयुष्यभर पाळला आणि लोकांना ऐकवलाही. जरा जास्तच ऐकवला म्हणा. नियम पाळणाऱ्या माणसाला एक वाईट खोड लागते, आपण तो मोडूच शकत नाही असं त्याला वाटायला लागतं.

त्या सकाळी त्यांच्या तोंडात अक्कलकारा होता.

अक्कलकारा म्हणजे दातदुखीवरचं मूळ. दाढेखाली धरलं की तोंडाला पाणी सुटतं, जिभेला मुंग्या येतात, आणि मग दाढ, हिरडी, जीभ सगळंच गुमान पडून राहतं. थोरल्यांची मागची दाढ कित्येक दिवस ठणकत होती. ती काढून टाका म्हणून सूनबाई मागे लागली होती, पण दाढ काढायची म्हणजे तोंडात सुई, तोंडात कापूस, आणि महिनाभर जिभेचा भरवसा नाही. म्हणून ते कुणाला ताकास तूर लागू न देता अक्कलकाऱ्यावर दिवस काढत होते. ज्या दिवशी माल यायचा त्या दिवशी ठणका सोसायचा, बाकीच्या दिवशी मूळ दाढेखाली. हिशोब चोख होता. फक्त उद्या यायचं पोतं आजच आलं.

"अतिविष आहे," हमालाने पोतं उंबऱ्याच्या आत टेकवत सांगितलं. "गाडी लवकर निघाली. बघून घ्या, मला अजून चार ठिकाणी जायचंय."

थोरल्यांनी जिभेनेच अक्कलकाऱ्याचा तुकडा गालात सरकवला. संध्याकाळी बघू, असं म्हणायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण धाकटे गल्ल्याजवळून मान वर करून बघत होते. आठच दिवसांपूर्वी धाकट्यांनी चाचरत विषय काढला होता. आता सगळे व्यापारी मालाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात, आपणही पाठवावा का, तुमच्यावरचा भार कमी होईल. थोरल्यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या होत्या की दोन दिवस ते भावाशी बोलले नव्हते. आज संध्याकाळवर ढकललं तर धाकटे तोंडाने काही म्हणणार नाहीत, पण मनात म्हणतील. आणि भावाच्या मनातलं थोरल्यांना ऐकू यायचं.

ते मागच्या मोरीत गेले, तुकडा थुंकले, खळखळून चूळ भरली, जीभ बोटाने घासली. परत येऊन पोत्यात हात घातला.

आता अतिविष आणि बचनाग यांच्याबद्दल सांगायला हवं. दोन्ही एकाच कुळातली मुळं, चुलत भावंडं म्हणा ना. नाव अतिविष, पण काम अगदी गरीब. तान्ह्या बाळाचं पोट बिघडलं, दात येताना अंग तापलं, की सहाणेवर आईच्या दुधात दोन वेढे उगाळून चाटवायचं. बचनाग मात्र जातीचा विषारी. वैद्य तो कितीतरी दिवस गोमूत्रात भिजवतात, दुधात उकळतात, त्याचे दात पाडतात आणि मगच औषधात घालतात. कच्चा पोटात गेला तर हृदयाची लयच बिघडवून टाकतो. डोंगरात दोन्ही शेजारीशेजारी उगवतात, आणि वाळून पोत्यात पडल्यावर लहानसा बचनाग अतिविषात सहज खपून जातो. दोन्ही करडी, दोन्ही सुरकुतलेली. जिभेपुढे मात्र भेद लपत नाही. अतिविष कडू असतं, नुसतं कडू. बचनाग आधी काही बोलत नाही, मग मुंग्या येतात, मग जीभ बधिर होते.

थोरल्यांनी तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मुंग्या होत्या. पण त्या मघापासूनच होत्या, अक्कलकाऱ्याच्या. कडू लागतंय का? लागत असावं. अतिविष कडूच असतं, त्यामुळे ते कडू लागल्यासारखं वाटलंही. त्यांनी वरचं चाखलं, मधलं चाखलं, तळचं चाखलं. तोंडात जणू दुसऱ्या कुणाची तरी जीभ ठेवली होती.

"घ्या आत," ते म्हणाले.

पोतं आत गेलं. मागच्या खोलीत निवडणाऱ्या मावशींनी ते पसरलं, माती झटकली, काड्या काढल्या, आणि कागदाच्या पुड्या बांधायला बसल्या. मावशींचा हात चपळ. बोट जिभेला लावायचं, कागद सुटा करायचा, मुळं ठेवायची, घडी घालायची, पुन्हा बोट जिभेला. वर्षानुवर्षं धाकटे म्हणायचे, मावशी, बोट पाण्यात बुडवत जा. आणि मावशी म्हणायच्या, पाण्याने कागद भिजतो, जिभेने नुसता उठतो.

पहिली पुडी शिंप्याने नेली.

शिंप्याचं दुकान रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर. दिवसभर त्याच्या मशीनची घरघर गल्लीला सोबत करायची. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर त्याला मुलगी झाली होती, आणि तेव्हापासून तो माप घेतानाही हसायचा. त्याची बायको आणि मूल दुकानामागच्या खोलीतच असत. तो आला तेव्हा मापाची टेप गळ्यात आणि सुई कॉलरला तशीच होती.

"पोट दुखतंय की दात येताहेत, देव जाणे," तो म्हणाला. "सकाळपासून नुसती रडतेय. ही म्हणाली, थोरल्यांना विचारून या."

थोरल्यांना कुणी असं विचारायला आलं की बरं वाटायचं. त्यांनी स्वतः उठून नव्या मालातली पुडी आणून त्याच्या हातावर ठेवली. "आजच आलंय. ताजं. सहाण स्वच्छ धुवून घ्या. दोनच वेढे. जास्त उत्साह नको."

"तुम्ही चाखलंय ना?" शिंप्याने थट्टेनेच विचारलं.

"नाही, तुमच्यासाठी ठेवलंय," थोरले म्हणाले, आणि तिघंही हसले.

दुसरी पुडी थोरल्यांनी स्वतःच्या घरासाठी बांधली, त्यातल्या त्यात भरदार मुळं निवडून. नातीलाही दात येत होते. दुपारी धाकटे आधी जेवायला घरी जात, ते परतले की थोरले. दोघांचं घर एकच, बाजाराच्या पलीकडच्या वस्तीत. "ही सूनबाईला दे," ते धाकट्यांना म्हणाले. "म्हणावं, आजच सुरू कर." धाकटे पुडी खिशात घालून निघाले.

दुकानात थोरले आणि मावशीच राहिले. समोर मशीन चालू होतं. ऊन उतरून उंबऱ्यापर्यंत आलं होतं, आणि अतिविषाची पोत्यातली धूळ अजून हवेत तरंगत होती. मावशी मागच्या खोलीतून पदराने तोंड पुसत बाहेर आल्या.

"माझं तोंड बघा हो जरा," त्या म्हणाल्या. "ओठ सुजलेत का?"

"नाही सुजले."

"मग असे का वाटताहेत? दुसऱ्याचे लावल्यासारखे. जिभेवर मुंग्या चालल्यात."

"अक्कलकाऱ्याची धूळ गेली असेल तोंडात," थोरले म्हणाले. "किती वेळा सांगितलं, बोट चाटू नका म्हणून. एक दिवस आमचं सगळं दुकान चाटून संपवाल."

मावशींना हसू आलं नाही. "अक्कलकाऱ्याचा डबा वरच्या फळीवर असतो," त्या म्हणाल्या. "शिडीशिवाय माझा हात पोचत नाही तिथे. सकाळपासून मी अतिविषाशिवाय कशालाही हात लावलेला नाही."

थोरल्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मावशींना चूळ भरायला सांगितली, पुड्या राहू द्या म्हणाले, घरी जाऊन पडा म्हणाले. मावशी बोटांनी ओठ चाचपत, भिंतीचा आधार घेत गेल्या. त्या दिसेनाशा झाल्यावर थोरले उठले आणि मागच्या खोलीत जाऊन पसरलेल्या ढिगापुढे मांडी घालून बसले.

एक मूळ उचलून त्यांनी जिभेवर ठेवलं. काही कळेना. त्यांनी चूळ भरली, मिठाच्या पाण्याने जीभ चोळली, पुन्हा एक उचललं. मुंग्या. पण कुणाच्या? आयुष्यभर ज्या जिभेने क्षणात निकाल दिला, ती आज लाकडाच्या फळीसारखी तोंडात पडली होती. त्यांनी मुळं मोडून बघितली. बरीचशी आतून पांढरी, पिठूळ निघाली. काही पिवळट, चिवट होती. की उजेडच तसा होता? डोळ्यांवर त्यांनी कधी विश्वास टाकला नव्हता, आणि मोतीबिंदूनंतर तर नाहीच. ते ढिगाकडे बघत राहिले. ढीग नुसता ढीग होता, करडा, मुकाट, आणि त्याला घाई नव्हती.

घाम फुटला तसं त्यांनी मनाला समजवायला सुरुवात केली, आणि माणूस स्वतःला समजवायला बसला की कधी हरत नाही. मावशींचं वय झालंय. त्यांना उन्हातून आलं तरी मुंग्या येतात. हा व्यापारी जुना आहे, आजवर खोटा माल दिला नाही. आणि समोर मशीन चालू आहे. हे त्यांना सगळ्यात पटलं. मशीन चालू आहे म्हणजे शिंपी जागेवर आहे, शिंपी जागेवर आहे म्हणजे आत सगळं ठीक आहे. ते घरघर ऐकत बसले. मधेच ती थांबायची, दोरा तुटला असेल, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत थोरले हातातलं मूळ तसंच धरून ठेवायचे.

धाकटे जेवून आले. "दिली पुडी," ते म्हणाले. "मावशी कुठे गेल्या?"

"बरं नव्हतं त्यांना."

"काय झालं?"

सांगायची ती वेळ होती. समोर भाऊ होता, परका कुणी नव्हता. दोन वाक्यांचं काम. पण त्या दोन वाक्यांनंतर थोरले म्हणजे फक्त एक दाढ किडलेला म्हातारा उरणार होता, आणि प्रयोगशाळेची गोष्ट खरी ठरणार होती. आणि वर अजून नक्की काय आहे हे तरी कुठे कळलंय, असंही त्यांनी स्वतःला विचारलं.

"वयाचं काहीतरी," ते म्हणाले. "मी जेवून येतो. आणि हे बघ, नवं अतिविष विकू नकोस. ओलसर वाटतंय. उन्हात घालू."

"ओलसर?" धाकटे म्हणाले. "तुम्हीच तर घ्या म्हणालात."

थोरले पायऱ्या उतरले. रस्ता ओलांडून ते शिंप्याच्या दाराशी आले. मुद्दाम आले की पाय आपोआप वळले, हे त्यांना पुढेही कधी सांगता आलं नाही. आत दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्याने त्या काढून हातात घेतल्या आणि तोंडभर हसला.

"कसं चाललंय?" थोरल्यांनी विचारलं.

"तुमच्या पुडीचा गुण आला बरं का," शिंपी म्हणाला. "आत्ता मघाशीच दिलं हिने उगाळून. जरा ओठ मुडपले, लाळ गाळली, आणि रडायची थांबलीच. सकाळपासून पहिल्यांदा घरात शांतता आहे."

बाकावरच्या बाई कौतुकाने थोरल्यांकडे बघत होत्या. लाळ. पण लहान मूल लाळ गाळणारच, दात येताहेत. कडू लागलं की कुणीही ओठ मुडपेल. शांत झाली म्हणजे गुणच आला. बचनाग असता तर अशी शांत झाली असती का? हे सगळं एका दमात त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, एकच गोष्ट होती, की घरी दुसरी पुडी आहे. तिथे कदाचित अजून उगाळलं नसेल.

"लक्ष ठेवा," एवढंच ते म्हणाले आणि वळले.

बाजारातून जाताना ते आधी चालत होते, मग चालता चालता धावायला लागले. त्या वयाचा माणूस धावताना दिसला की लोक बाजूला होतात. कुणीतरी विचारलंही, काय झालं हो. त्यांनी हातानेच काही नाही म्हटलं. तोंडाला कोरड पडली होती, आणि त्या कोरड्या तोंडात जिभेच्या टोकाला थोडी जाग यायला लागली होती.

घराचं दार लोटलेलं होतं. सूनबाई खाटेवर बसून मुलीला मांडीवर थोपटत होती. मूल निपचित होतं, एक हात लोंबत होता.

"दिलंस का?" थोरल्यांनी दारातूनच विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

सूनबाई दचकली. ओठांवर बोट ठेवून तिने मुलीकडे खूण केली. मग सासऱ्यांचा चेहरा बघून तिला वेगळंच काही वाटलं आणि तिने मान खाली घातली.

"मामंजी, रागावू नका," ती हळूच म्हणाली. "नाही दिलं. डॉक्टरांनी सांगितलंय, एवढ्यात बाहेरचं काही चाटवू नका. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून काकांना काही बोलले नाही. पुडी तशीच फळीवर आहे."

थोरले भिंतीला टेकून खाली बसले. त्यांनी नातीच्या छातीवर तळहात ठेवला. छाती वरखाली होत होती, ऊबदार, नेमकी. त्यांच्या डोळ्यांना धार लागली. सुटलो, असं त्यांना वाटलं, आणि त्या क्षणी दुसरं काहीही वाटलं नाही. शिंप्याची मुलगी त्या क्षणापुरती जगातच नव्हती.

मग त्यांनी फळीवरची पुडी काढली. सूनबाईने पाणी दिलं, त्यांनी चूळ भरली, आणि एका मुळाचा कण जिभेवर ठेवला. कडू. स्वच्छ, ओळखीचं, पाठीत शिरशिरी उठवणारं कडू. त्यांनी दुसरं चाखलं. तेही कडू. जीभ परत आली होती आणि तिच्यावर अतिविष बोलत होतं. त्यांना हसू फुटलं. मावशींच्या नावाने चार शब्द पुटपुटत त्यांनी तिसरं मूळ दातांनी तोडलं.

ते आधी काही बोललं नाही. मग टोकाशी एक बारीक मुंगी उठली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता जीभ अर्ध्यापर्यंत थंड पडली. या वेळी तोंडात अक्कलकारा नव्हता.

"मामंजी?" सूनबाई म्हणाली.

त्यांनी थुंकून टाकलं, पुडी मुठीत आवळली आणि चपला न घालताच ते बाहेर पडले.

गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आधीच त्यांनी कान टवकारले. भाजीवाल्याचा आवाज आला, एका सायकलची घंटी आली, कुठेतरी नळाखाली भांडं भरत होतं. मशीन नव्हतं. दोरा तुटला असेल, असं त्यांनी म्हणून बघितलं. चार पावलं गेले, दहा पावलं गेले, तरी दोरा काही जोडला जाईना. शिंप्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. त्याखालून मशीन दिसत होतं, सुईखाली निळं कापड तसंच अडकलेलं, आणि जमिनीवर टाचण्या सांडलेल्या.

धाकटे आपल्या दुकानाच्या पायरीवर उभे होते.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "शिंप्याच्या मुलीला दवाखान्यात नेलंय. एकदम हातपाय गार पडले तिचे, उलटी झाली. गाडी मीच करून दिली. तो बिचारा सारखा विचारत होता, पुडीमुळे तर नसेल ना? मी त्याला समजावलं. म्हटलं, ती शंकाच मनात आणू नका, माल दादांच्या जिभेखालून गेलाय. डॉक्टरांनी विचारलं तरी बेधडक सांगा, अतिविष आहे, त्याने काही होत नसतं."

डॉक्टर अतिविष समजून उपचार करत असतील. पोटाचंच काहीतरी धरून बसले असतील, ताप मोजत असतील. बचनाग हा शब्द तिथे कुणाच्या डोक्यातही आला नसेल. येणार कसा? भावाने त्यांच्याच जिभेची शपथ देऊन पाठवलं होतं.

"पोत्याला कुणाला हात लावू देऊ नकोस. मावशींच्या घरी जा, त्यांनाही दवाखान्यात घेऊन ये," ते म्हणाले. "त्यात बचनाग आहे."

धाकट्यांचा चेहरा पांढरा पडला. "पण तुम्ही तर..."

"मी चाखलंच नाही," थोरले म्हणाले. "तोंडात अक्कलकारा होता."

दवाखाना दोन चौक पुढे होता. आत लांब बोळ, फिनेलचा वास, भिंतीला टेकवलेला बाक, आणि बोळाच्या टोकाला झुलतं दार. शिंपी बाकावर बसला होता. टेप अजून गळ्यात होती. त्याची बायको दाराच्या काचेला कपाळ टेकून उभी होती. शिंप्याने थोरल्यांना बघितलं आणि तो उठून उभा राहिला. त्याच्या तोंडावर केवढा दिलासा आला, हे थोरल्यांना मरेपर्यंत विसरता येणार नव्हतं.

"तुम्ही स्वतः आलात," तो म्हणाला. "सारखे विचारताहेत, काय दिलं, काय दिलं. मी सांगितलं, थोरल्यांनी चाखून दिलंय. त्यांना पटतच नाही. तुम्हीच सांगा."

झुलतं दार उघडून एक डॉक्टर बाहेर आली, तरुण, बाह्या दुमडलेल्या. थोरल्यांनी पुडी तिच्यापुढे धरली.

"बचनाग," ते म्हणाले. "अतिविष नाही. अतिविषात बचनाग मिसळलाय. कच्चा. त्याने हृदयाचे ठोके चुकतात. मी खात्री न करता दिलं. आमच्या मावशींच्याही तोंडात गेलाय, त्यांना आणताहेत."

डॉक्टर पुडी घेऊन आत धावली. आतून कुणाला तरी मोठ्याने हाका मारल्याचं ऐकू आलं, चाकं खडखडली, शिंप्याच्या बायकोला कुणीतरी बाजूला केलं. दार दोनदा झुलून बंद झालं.

शिंपी उभाच होता. त्याने थोरल्यांची गचांडी धरली असती तर थोरल्यांना बरं वाटलं असतं. त्याने टेप गळ्यातून काढली, बोटांना गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"हे तुम्हाला कधी कळलं?" त्याने विचारलं.

खोटं बोलणं अजूनही सोपं होतं. आत्ताच कळलं, घरी चाखलं तेव्हा. ते खोटंही ठरलं नसतं.

"नक्की आत्ता कळलं," थोरले म्हणाले. "संशय आधीच आला होता. तुमच्या दाराशी आलो होतो तेव्हा."

शिंप्याने आठवून बघितलं. "तेव्हा तर तुम्ही म्हणालात, कसं चाललंय."

"हो."

"आणि मग?"

"मग घरी गेलो. घरीही एक पुडी होती."

शिंपी बाकावर बसला. आत एक यंत्र टिकटिकायला लागलं होतं, मधेच सलग, मधेच अडखळत, आणि बोळातली सगळी माणसं नकळत ते मोजत होती.

"तुमच्या नातीला दिलं नव्हतं ना अजून?" शिंप्याने दाराकडे बघतच विचारलं.

"नाही."

"बरं झालं," शिंपी म्हणाला. तो मनापासून म्हणाला. मग त्याने टेपची गुंडाळी खिशात घातली आणि बाकावर थोडं सरकून थोरल्यांना बसायला जागा करून दिली.